विश्रांतीत नापास

दैवशाला नरवाडे नापास झाली, आणि तीही विश्रांतीत.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. करंजवेळच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या लॅबमध्ये ती एका म्हाताऱ्या बाबांच्या दंडाला रबरी पट्टा आवळून शीर शोधत होती. खिशात फोन थरथरला. तिनं आधी रक्त घेतलं, जांभळ्या टोपणाची नळी चार वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी केली, बाबांना कापूस दाबून धरायला सांगितलं, पुढच्या बाईला "बाही वर करा" म्हणाली आणि मगच फोन काढला. तेरा वर्षांची सवय. स्वतःचं जे काही बरंवाईट व्हायचं ते दोन पेशंटच्या मधल्या फटीतच उरकायचं.

'शीणांकाचा तळ ७९. पूर्ण विश्रांतीनंतरचा उतार ०.४. किमान अपेक्षित उतार १५. नियमित सेवेत सामावून घेण्यास तूर्त अपात्र.'

तिनं फोन खिशात ठेवला आणि त्या बाईचं रक्त घेतलं. त्यानंतर आणखी सव्वीस जणांचं घेतलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. नुसते खांदे दुखत होते, आणि ते तर रोजच दुखायचे.

आता हा शीणांक काय प्रकार आहे ते सांगायला हवं. सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत थकवा ही नुसती सांगायची गोष्ट होती. ताप मोजता यायचा, साखर मोजता यायची. पण थकलोय म्हटलं की समोरचा म्हणायचा, थकत कोण नाही? मग शास्त्रज्ञांच्या हाती एक धागा लागला. आपल्या मेंदूच्या पुढच्या भागात, जिथं माणूस लक्ष एकवटतो, मन मारतो, चूक होऊ नये म्हणून स्वतःला धरून ठेवतो, तिथल्या पेशी काम करता करता एक बारीकसं प्रथिन मागे टाकतात. गाढ झोपेत मेंदू ते धुऊन काढतो. सगळं धुतलं गेलं नाही, तर उरलेलं हळूहळू रक्तात झिरपतं आणि तिथून अगदी नगण्य प्रमाणात घामात येतं. दंडाच्या आतल्या बाजूला पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी चिकटवायची. ती घामातून ते प्रथिन टिपते आणि दर दहा मिनिटांनी मोबाइलवर शून्य ते शंभरमधला एक आकडा पाठवते. तो शीणांक.

या आकड्याचे दोन भाग असतात. दिवसभरात चढतो तो रोजचा शीण, आणि तो रात्रीच्या झोपेनं उतरतो. झोपूनही जो उतरत नाही तो तळ. वर्षानुवर्षं न धुतलेल्या टाकीत गाळ बसतो, त्यातली गत. पण धडधाकट माणसाला एक अख्खा दिवस विसावा मिळाला, की हा तळसुद्धा पंधरा-वीस अंकांनी खाली येतो. त्याला उतार म्हणतात. ज्याचा तळ विश्रांती घेऊनही हलत नाही, त्याच्या मेंदूची धुण्याची ताकदच गेलेली आहे, असं शास्त्र मानतं.

पट्टीचा कायदा झाला तो चांगल्या मनानं झाला, हे कबूल केलंच पाहिजे. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना, क्रेन चालवणाऱ्यांना ती आधी लागली आणि अपघात खरोखर कमी झाले. पुढं कोर्टानं सरकारला सांगितलं, की दहा वर्षांहून जास्त काळ कंत्राटावर राबणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कायम करा. इतक्यांना कायम करायचं म्हटल्यावर मंत्रालयातल्या कुणालातरी पट्टी आठवली. परिपत्रक निघालं. त्यात एवढंच लिहिलं होतं, की उमेदवाराच्या नव्वद दिवसांच्या शीणांकाची नोंद निवडीच्या वेळी विचारात घेण्यात येईल. ती कशी विचारात घेणार, हे लिहायचं राहून गेलं होतं.

करंजवेळच्या दवाखान्यात एकतीस माणसं कंत्राटावर होती. त्यांनी ते परिपत्रक वाचलं आणि त्यांना आनंद झाला. एक्स-रेचे सय्यद शफी, दैवशालेपेक्षाही एका वर्षानं जुने, सगळ्यांना चहा पाजत म्हणाले होते, "मॅडम, आता कळंल त्यांना. आपण किती घासतो ते आजवर कागदावर आलंच नव्हतं. आता मशीनच सांगंल." दैवशालेलाही तसंच वाटलं. आपलं खपणं मोजणारं काहीतरी अखेर निघालं. त्या नव्वद दिवसांत तिनं मुद्दाम जास्तीची कामं ओढून घेतली. डेंग्यूचे नमुने, शाळांची रक्तगट तपासणी, रविवारची इमर्जन्सी. संध्याकाळी आकडा पंच्याऐंशीला टेकला की तिला बरं वाटायचं. शाळेत चांगले मार्क पडल्यावर वाटतं तसं.

आणि मार्क कापले गेले ते नेमके त्यापायी.

*

घरी बालाजीनं, तिच्या नवऱ्यानं, दारातच विचारलं, "किती हाय आज?"

पट्टी निघून महिना झाला होता तरी त्याची सवय सुटली नव्हती. त्या नव्वद दिवसांत घरात एक वेगळीच रीत पडून गेली होती. पूर्वी तो विचारायचा, काय झालं, तोंड का उतरलंय. पट्टी आल्यावर तो नुसता आकडा विचारायला लागला. सत्तरच्या आत असेल तर मुलीच्या फीचं, त्याच्या ई-रिक्षा दुरुस्तीच्या दुकानाचं बोलायचा. पंच्याहत्तरच्या वर असेल तर गपचूप खिचडी टाकायचा. त्यात त्याची माया होती, हे तिला कळत होतं. पण एकदा ती चिडून म्हणाली, "माझ्याकडं बघा की जरा, मोबाइलमधी काय बघताव?" तर तो गोंधळून म्हणाला, "अगं, बघूनच तर गप बसलो." त्यावर भांडताही येईना. पुढं पुढं तीच घरात शिरताना हात वर करून आकडा सांगायची, म्हणजे बोलायचं काम नको.

"नापास झाले," ती म्हणाली.

"कशात?"

"आरामात."

त्याला वाटलं, ती थट्टा करतेय. तिनं फोन त्याच्या हातात दिला आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली. बालाजीनं दोनदा वाचलं. त्यांची तनिष्का चौथीला होती, तीही अभ्यास टाकून आली आणि बापाच्या खांद्यावरून वाचून म्हणाली, "मम्मी, पण तू आराम केलास कधी?"

दुसऱ्या दिवशी दैवशालेनं तेरा वर्षांत पहिल्यांदाच किरकोळ रजा टाकली आणि विभागीय मोजणी कक्षात गेली.

*

मोजणी कक्षात केतकी पानसे नावाची तरुण अधिकारी होती. वयानं दैवशालेच्या विद्यार्थ्यांएवढी. दैवशालेनं आजवर सात मुलांना लॅबचं काम शिकवलं होतं. त्यातला एक आता जिल्ह्याला पर्यवेक्षक होता आणि दर सोमवारी तिला मोठ्या आदरानं टार्गेट पाठवायचा. त्यामुळे आपल्यापेक्षा लहान माणसासमोर उभं राहायचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण ही मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बसा ना ताई."

केतकीनं पडद्यावर नव्वद दिवसांची रेघ काढली. डोंगरांची रांग असावी तशी, सगळी वरच.

"उतार मोजायला आम्हाला एक पूर्ण विश्रांतीचा दिवस लागतो," ती समजावून सांगू लागली. "हजेरीच्या नोंदीवरून कॉम्प्युटरच तो निवडतो. रविवारी तुम्ही ऑन कॉल असता, म्हणजे ते कामच. सणाच्या सुट्ट्यांनाही ऑन कॉल. नव्वद दिवसांत तुम्ही पूर्ण मोकळ्या होतात असा एकच दिवस सापडला. तीस सप्टेंबर."

दैवशालेनं ती तारीख पडद्यावर पुन्हा वाचली.

"त्या दिवशी विश्रांती घेऊनही तुमचा तळ हललेला नाही. त्यामुळे मेंदूची भरून येण्याची क्षमता संपलीय, असा अर्थ निघतो. कायम नेमणूक म्हणजे पुढची सतरा वर्षं. म्हणून अपात्र." केतकी थांबली. तिला काहीतरी खटकलं असावं. "काय करत होतात ताई तुम्ही त्या दिवशी? घरी कुणी आजारी होतं का?"

तीस सप्टेंबरला दैवशाला काय करत होती, हे करंजवेळमध्ये कुणालाही सांगता आलं असतं. कंत्राटी माणसाची ऑर्डर निघते ती एक ऑक्टोबर ते एकोणतीस सप्टेंबर अशी. मग एक दिवस खंड. मग नवी ऑर्डर. वर्षातून तो एक दिवस माणूस नोकरीत नसतो, म्हणून त्याची सेवा सलग धरता येत नाही, म्हणून त्याला कुठला हक्क सांगता येत नाही. कागदावर त्याला तांत्रिक खंड म्हणतात, दवाखान्यात नुसतं ब्रेक. आणि ब्रेकच्या दिवशी सगळे कामावर येतात. मस्टरवर सही करत नाहीत, अंगठा लावत नाहीत, बाकी सगळं करतात. रिपोर्टवर त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांची सही असते. या म्हणून कुणी लेखी सांगत नाही, येऊ नका असंही कुणी म्हणत नाही. न येणाऱ्याची पुढची ऑर्डर लांबते, असं मात्र प्रत्येकाला वाटतं. दैवशाला तेरा वर्षांत तेरा ब्रेकना कामावर गेली होती. गेल्या तीस सप्टेंबरला तिनं दंडावर पट्टी लावून एकशे बारा नमुने तपासले होते, आणि तेही जरा जास्त मन लावून, मशीनला दिसावं म्हणून.

"कामावर होते," ती हळूच म्हणाली.

केतकीचा चेहरा उजळला. "मग सोपं आहे. तुमच्या अधीक्षकांचं एका ओळीचं प्रमाणपत्र आणा, की त्या दिवशी तुम्ही कामावर होतात. मी तो दिवस रद्द करते आणि तुम्हाला नवीन दिवस देते. सात दिवसांत आणा फक्त."

एका ओळीचं. दैवशालेनं मान हलवली. ती ओळ किती महाग आहे, हे त्या भल्या मुलीला न सांगताच ती उठली.

*

दवाखान्याचे अधीक्षक डॉक्टर मुरलीधर देशमाने वाईट माणूस असते तर सगळं सोपं झालं असतं. तनिष्काच्या वेळी दैवशालेला सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनीच स्वतःच्या गाडीतून तिला जिल्ह्याला नेलं होतं. कंत्राटी बाईला बाळंतपणाची रजा देताना वरच्यांनी खळखळ केली, तेव्हा ते भांडले होते. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष आणि सात महिने उरले होते.

त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"नरवाडे बाई, हे मी लिहून दिलं तर काय होतं, तुम्हाला माहिताय ना?"

"माहिताय सर."

"तुम्ही ब्रेकला कामावर होतात, म्हणजे ब्रेक खोटा. एक खोटा म्हणजे तेराही खोटे. तुमच्या एकटीचेच नाहीत, एकतीस जणांचे. आणि ते करवून घेणारा कोण, तर मी. अकरा वर्षं इथं बसलोय. चौकशी लागंल. पेन्शन अडकंल." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मी काही हौसेनं बोलवत नाही हो तुम्हाला. लॅबला मंजूर माणूस एक. ती जागा नऊ वर्षं रिकामी. लोक दारात बसलेले असतात. काय करू मी?"

"सर, मी काही तुमच्यावर..."

"तुम्ही असं करा. घरी सासूबाई आजारी होत्या, रात्रभर जागरण झालं, असं लिहा. मी शिफारस जोडतो."

"त्यानं काही होत नाही सर. घरच्या कामानं उतार आला नाही तर ती आपलीच कमतरता धरतात. आणि सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. तुम्ही आला होतात माती द्यायला."

डॉक्टर ओशाळले. या माणसाचा आपल्याला राग यायला हवा, असं दैवशालेला वाटत होतं. पण राग यायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं. तिला त्यांची कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

बाहेर व्हरांड्यात शफीभाई उभे होते. त्यांचा उतार शून्य पूर्णांक नऊ आला होता. "मॅडम, तुमच्याहून बरा म्हणायचा," ते म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला. एकतीस जणांत कुणाचाच उतार दोनच्या पुढं गेला नव्हता. ब्रेकला सगळेच आले होते.

दैवशालेनं प्रमाणपत्राशिवायच अर्ज पाठवला. जे खरं ते लिहिलं, फक्त डॉक्टरांचं नाव घातलं नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की उपलब्ध अभिलेखांनुसार सदर दिनांकास आपण सेवेत नव्हता, सबब आपण त्या दिवशी काम केल्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. फेरमोजणी पुढील वर्षी होईल. शेवटची संधी. विश्रांतीचा ग्राह्य दिवस, तीस सप्टेंबर. खाली केतकीनं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती : 'ताई, त्या दिवशी खरंच आराम करा.'

*

वर्ष जायचं तसं गेलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण दैवशालेच्याही ते फारसं लक्षात राहिलं नाही. सकाळी नऊला कुलूप उघडायचं, रांग संपवायची, स्लाइड बघायच्या, आकडे भरायचे. जूनमध्ये एकदा तिनं दोन पेशंटचे रिपोर्ट अदलाबदल करून लिहिले. एकाच्या प्लेटलेट वीस हजार होत्या, दुसऱ्याच्या अडीच लाख. कागद हातात देता देता तिच्या ध्यानात आलं, तिनं ते फाडून नवे केले आणि पुढच्याला हाक मारली. कुणाला पत्ता लागला नाही. पूर्वी असं काही झालं असतं तर तिचे हात दिवसभर कापले असते. या वेळी काहीच झालं नाही. रात्री जेवताना ती बालाजीला म्हणाली, "माझ्या आतलं काहीतरी बंद पडलंय हो." तो घास तसाच धरून बसला. मग म्हणाला, "सोडून दे नोकरी. दुकानात बस." दोघांनाही माहीत होतं, की दुकानात एका माणसाचं पोट भरायची मारामार आहे. तरी तो म्हणाला, याचं तिला बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा पट्टी आली. आता आकडा किती चढतो याचं कुणाला कौतुक उरलं नव्हतं. तळ पुन्हा एकोणऐंशी.

एकोणतीस सप्टेंबरला संध्याकाळी डॉक्टर देशमाने लॅबच्या दारात आले. "उद्या गरोदर बायांचं शिबिर आहे. जरा लवकर या."

"सर, उद्या ब्रेक आहे."

"हो, आहे ना," ते सहज म्हणाले. "म्हणून तर आजच सांगतोय. साडेआठला या." आणि पुढच्या वॉर्डाकडं निघून गेले. तिनं नाही म्हटलंय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. दैवशालेनं मशीन धुऊन बंद केलं आणि किल्ली कारकुनाच्या टेबलावर ठेवली. मग एक्स-रेच्या खोलीत डोकावून शफीभाईंना विचारलं, "उद्या यायचं नाही, पक्कं ना?"

"पक्कं," ते म्हणाले. पण त्यांनी नजर वर केली नाही.

*

तीस सप्टेंबरला तनिष्का शाळेला आणि बालाजी दुकानाला गेल्यावर दैवशाला पलंगावर आडवी झाली. उशाशी फोन. आकडा ऐंशी. आराम कसा करतात, हे तिला आठवेना. छताकडं बघत तिनं मनातल्या मनात रांग लावली : आठ साडेआठला वाड्यावस्त्यांवरच्या बाया आल्या असतील, उपाशीपोटी. नऊला फोन वाजला. तिनं उचलला नाही. साडेनऊला पुन्हा, दहाला पुन्हा. आकडा एक्याऐंशी झाला.

अकराच्या सुमारास दाराची कडी वाजली. बाहेर डॉक्टर देशमाने उभे होते. बारा वर्षांत ते या घरी दोनदाच आले होते, एकदा तनिष्काच्या बारशाला आणि एकदा सासूबाईंच्या मातीला.

"बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे सर. बसा." तिनं पाणी आणलं.

पाणी पिऊन त्यांनी पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. "बेचाळीस बाया बसल्यात, बाई. एकीचं हिमोग्लोबिन पाचच्या खाली असावं, डोळे बघून सांगतो. तुमच्याशिवाय लॅब कोण चालवणार? दोन तासांचं काम आहे."

दैवशालेला त्या बायका दिसल्या. त्यातल्या निम्म्यांची नावं तिला माहीत असणार. उठावं, ओढणी घ्यावी, जावं. पाय तर आपोआप चपलेकडं वळले होते. त्या क्षणी तिला स्वतःच्या पायांची भीती वाटली.

"मी येते सर," ती म्हणाली. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "आत्ता येते. फक्त मला लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"आज तीस सप्टेंबरला कामावर या, एवढंच. खाली सही. पाच मिनिटांत येते. मग मला आजचा उतार नको, काही नको. तो कागद पुरंल मला."

तिनं तनिष्काची वही उघडून समोर ठेवली. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. वर उजव्या कोपऱ्यात नीट, डॉक्टरी नसलेल्या अक्षरात तारीख घातली. मग थांबले. पंखा फिरत होता. दैवशाला उभीच होती, चप्पल घालून. आयुष्यात तिनं इतक्या आशेनं कुणाच्या हाताकडं पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचा हात पुढं सरकला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"नऊ महिने राहिलेत माझे," ते म्हणाले.

"माहिताय सर."

"तुम्ही झोपा," ते उठत म्हणाले, आणि त्या बोलण्यात कुठं टोमणा नव्हता. "मी बघतो काय ते. त्या बाईला जिल्ह्याला पाठवतो."

त्यांची गाडी गल्लीच्या टोकाला गेली आणि दवाखान्याकडं न वळता डावीकडं वळली. तिकडं शफीभाईंचं घर. शिबिरात एक्स-रेचं काम नव्हतं. पण नळ्यांवर नावं घालायला, बायांना रांगेत बसवायला कुणीतरी ओळखीचं लागतंच, आणि शफीभाई कधी नाही म्हणत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. दैवशालेनं फोन उचलला.

"शफीभाई, सर येतायत तिकडं."

"आलेच," ते कुजबुजले. "दारात गाडी लावतायत. मॅडम, मी काय करू? माझ्या आईच्या ऑपरेशनला यांनीच..."

"नाही म्हणू नका. कागद मागा. एक ओळ. दिला तर जा."

त्यांनी फोन बंद न करताच खिशात टाकला असावा. कापडाची खसखस ऐकू आली, मग डॉक्टरांचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. दैवशाला फोन कानाला लावून पलंगाच्या काठावर बसली होती. पंधरा वर्षं ज्या माणसानं साहेबांसमोर खुर्चीत पाठ टेकली नव्हती, त्याचा आवाज आला, बसका, पण स्पष्ट. "सर, येतो की. तेवढं लिहून द्या."

मग गाडी सुरू झाल्याचा आवाज.

"गेले," शफीभाई फोनवर आले. "काही बोलले नाहीत. नुसते गेले. लाज वाटतीय मॅडम. बाया बसल्यात तिकडं आणि आपण घरात."

"मलाही वाटतीय," दैवशाला म्हणाली. आणि आता, निकाल लागून दहा महिन्यांनी, तिला रडू आलं. ते तिनं येऊ दिलं. रडतानाही तिनं फोन कानाचा काढला नाही.

"झोपा आता, शफीभाई," शेवटी ती म्हणाली. "आज आपण नोकरीत नाही."

तिनं चप्पल काढली आणि कुशीवर वळली. जाग आली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, बालाजी शेजारी खुर्चीत बसून होता आणि फोन त्याच्या हातात होता. त्यानं आकडा सांगितला नाही. तिच्या चेहऱ्याकडं बघत म्हणाला, "उठू नको एवढ्यात." तिनं फोन ओढून घेतला. एकसष्ट होता. अठरानं उतरला होता. चौदा वर्षं राबून जे जमलं नव्हतं ते पाच तास झोपून जमलं, आणि तिकडं बेचाळीस बाया परत गेल्या असतील. आनंद मानावा की नाही, हे काही तिला ठरवता येईना. तिनं फोन उशीखाली सारला आणि पुन्हा डोळे मिटले.